संगणकाला विस्मरण होते तेव्हा

शाळेच्या संगणक कक्षात हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. सकाळी एक संगणक निमूटपणे चालतो. दुपारी कोणी निबंध टंकित करीत असताना पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजतो. कळफलक कितीही बडवला तरी उपयोग होत नाही. संगणक 'हँग' झाला असे आपण म्हणतो. बंद करून पुन्हा चालू केला की तास-दीड तास ठीक. दुसऱ्या दिवशी चित्र रंगवताना एकाएकी निळा पडदा येतो. तिसऱ्या दिवशी तर कोणी हातही लावलेला नसताना संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मग सल्ले मिळू लागतात. एक म्हणतो व्हायरस आहे, दुसरा म्हणतो विंडोज पुन्हा टाका, तिसरा म्हणतो यंत्र जुने झाले, भंगारात द्या.

यांपैकी एखादा सल्ला बरोबरही असू शकेल. पण वरील वर्णनात ध्यानात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. बिघाड दर वेळी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कामात आणि वेगळ्या रूपात दिसतो. एखादा कार्यक्रमच, म्हणजे प्रोग्रॅमच, सदोष असेल तर तो सहसा ठरावीक कृतीपाशी अडखळतो. छापण्याची आज्ञा दिली की बंद पडला, असे काहीतरी सूत्र सापडते. असे सूत्रच सापडत नसेल, तर संशय अशा भागावर घ्यावा जो सगळ्याच कार्यक्रमांना लागतो. असे भाग थोडे आहेत. वीज पुरविणारा खोका, म्हणजे पॉवर सप्लाय, हा एक. धूळ साचून पंखा अडला असेल तर तापणारा प्रोसेसर हा दुसरा. आणि तिसरा, ज्याविषयी आपण येथे बोलणार आहोत, तो म्हणजे संगणकाची स्मृती. बाजारात तिला 'रॅम' म्हणतात.

डिस्क हे संगणकाचे कपाट आहे, तर रॅम हे त्याचे कामाचे टेबल. तुम्ही उघडलेला निबंध, तो उघडणारा कार्यक्रम, बाणाची पडद्यावरची जागा, इतकेच काय, पुढची सूचना कोठे वाचायची याचा पत्तासुद्धा या टेबलावरच मांडलेला असतो. सारे काही ० आणि १ या दोन अंकांत लिहिलेले. अशा एका अंकाला बिट म्हणतात आणि प्रत्येक बिटासाठी रॅममध्ये एक घर असते. एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म धारित्र, म्हणजे कपॅसिटर, एवढाच या घराचा संसार. ही कल्पना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. धारित्रात विद्युतभार असला तर १, नसला तर ०.

हा भार किती असतो? आजच्या रॅममधील एका घराची धारिता १० फेम्टोफॅरडच्या आसपास धरता येईल. एक व्होल्ट विभवाला त्यात किती इलेक्ट्रॉन मावतील, हे गणित वरच्या वर्गातील मुलांनी जरूर करून पाहावे. उत्तर साठ हजारांच्या घरात येते. साठ हजार हा आकडा मोठा वाटतो, पण घरात जळणाऱ्या साध्या दिव्यातून एका सेकंदात जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या मानाने तो नगण्य आहे. शिवाय हा भार मडक्यातल्या पाण्यासारखा सतत पाझरत असतो. म्हणून संगणक प्रत्येक घर वाचून त्यातला १ पुन्हा काठोकाठ भरत राहतो. डीडीआर४ जातीच्या रॅममध्ये ही फेरी दर ६४ मिलिसेकंदांत पूर्ण व्हावी लागते, म्हणजे सेकंदाला सुमारे सोळा वेळा. रॅम ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली, तर तीच फेरी निम्म्या वेळात उरकावी लागते, कारण उष्णतेने पाझर वाढतो. काही संगणक वैशाखातल्या दुपारीच का रुसतात, याचे एक कारण येथे दडलेले आहे.

आठ गिगाबाइट रॅममध्ये अशी सुमारे ६,८७२ कोटी घरे असतात. त्यांपैकी एखादे जरा जास्त गळके निघाले, किंवा त्यात १ लिहिला तरी ० च राहिला, तर काय होईल?

एखाद्या जुन्या चाळीची कल्पना करा. तिच्या एका खोलीचे छप्पर गळते. खोली तीच, भोक तेच. पण भाडेकरू दर महिन्याला बदलतात. शिंप्याचे कापड भिजते, किराणावाल्याची साखर विरघळते, विद्यार्थ्याच्या वह्यांची शाई पसरते. तिघांच्या तक्रारी ऐकल्या तर तीन निराळे बिघाड आहेत असे वाटेल. रॅमचे नेमके असेच होते. सदोष घर आपल्या जागी स्थिर असते, पण त्यात आज चित्राचा एक ठिपका असतो, उद्या निबंधातले अक्षर, परवा कार्यक्रमाची एखादी सूचना.

चित्राचा ठिपका बिघडला तर रंगात किंचित फरक पडतो आणि तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. अक्षर बिघडले तर? संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने ओळखतो. जागतिक युनिकोड पद्धतीत 'क' चा क्रमांक २३२५, तर 'ग' चा २३२७. द्विमान पद्धतीत हे दोन आकडे मांडा:

क : १००१०००१०१०१
ग : १००१०००१०१११

दोन्हींत फरक एकाच बिटाचा आहे. तेवढा उलटला की 'काडी' ची 'गाडी' झाली! आणि त्या घरात जर पुढच्या सूचनेचा पत्ता असेल, तर प्रोसेसर भलत्याच ठिकाणी जाऊन तेथे जे असेल त्यालाच सूचना समजून वाचू लागतो. एखादी क्रिया दहा वेळा करायची असताना तो आकडा कोट्यवधींचा झाला, तर संगणक त्याच फेऱ्यात अडकून पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो थिजलेला दिसतो. निळ्या पडद्याचे तसे नाही. काहीतरी अशक्य घडते आहे हे संगणकाच्या मूळ प्रणालीला उमगते आणि आणखी नुकसान होऊ नये म्हणून ती स्वतःच काम थांबवते. तेव्हा निळा पडदा दिसला तर रागावू नका. त्याने तुम्हाला सावध केले आहे.

खरी भीती आहे ती न थांबणाऱ्या चुकीची. शिक्षकांनी येथे जरा विशेष लक्ष द्यावे. गुणपत्रक भरताना एका विद्यार्थ्याचे ३५ गुण नोंदवले. द्विमान पद्धतीत ३५ म्हणजे ०१०००११. यातील डावीकडचा पहिला ० उलटून १ झाला, की त्यात ६४ मिळतात आणि गुण होतात ९९. त्याऐवजी त्याच्या शेजारचा १ उलटून ० झाला, तर ३२ वजा होऊन उरतात फक्त ३. एक घर गळले, आणि काठावर उत्तीर्ण झालेला मुलगा वर्गात पहिला तरी आला, नाहीतर नापास तरी झाला. संगणक बंद पडला नाही, पडद्यावर काही सूचना आली नाही, आणि चुकलेला आकडा डिस्कवर कायमचा लिहिला गेला.

ही नुसती कल्पना नव्हे. १८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रसेल्समधील स्कारबेक या भागात मतदान संगणकावर झाले होते. एका उमेदवाराला पडलेली मते त्या पद्धतीत शक्य असलेल्या संख्येपेक्षा जास्त निघाली, म्हणून फेरमोजणी झाली, तेव्हा जादा मते भरली नेमकी ४,०९६. हा आकडा म्हणजे २ चा बारावा घात! कार्यक्रमात दोष सापडला नाही. रॅममधील एक बिट उलटले असावे, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. ते सिद्ध मात्र करता आले नाही, कारण असे उलटलेले बिट मागे खूण ठेवत नाही. मते अशक्य ठरण्याइतकी वाढली म्हणून गोष्ट उघडकीस आली. सोळाच मते वाढली असती तर?

बिट उलटण्याची कारणे दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात घर निर्दोष असते, पण क्षणभर धक्का बसतो. १९७८ साली इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या वेष्टनात लेशमात्र असलेल्या युरेनियम व थोरियममधून निघणारे अल्फा कण घरातला भार बिघडवतात. पुढच्याच वर्षी झीग्लर आणि लॅनफर्ड यांनी विश्वकिरणांमुळेही असे होऊ शकते हे मांडले. दुसऱ्या प्रकारात घर, किंवा घराकडे जाणारी तारच, कायमची सदोष असते. विश्वकिरणांची गोष्ट सुरस असल्यामुळे लोक तीच जास्त सांगतात. पण २००९ साली गूगलच्या हजारो संगणकांचा अडीच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसले की वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत एक तरी चूक नोंदली गेली आणि त्यांत कायमच्या दोषांचा वाटा मोठा होता. तेव्हा तुमचा संगणक आठवड्यातून तीनदा थिजत असेल, तर आकाशाकडे बोट दाखवू नये. दोष पेटीच्या आतच शोधावा.

तो शोधायचा कसा? तत्त्व अगदी साधे आहे: ठाऊक असलेली गोष्ट लिहा, परत वाचा आणि ताडून पाहा. सगळ्या घरांत ० लिहून वाचला, की जी घरे १ वरच अडकली आहेत ती सापडतात. सगळीकडे १ लिहून वाचला, की ० वर अडकलेली सापडतात. शेजारच्या दोन घरांचा एकमेकांशी चोरटा संबंध जुळला असेल, तर ०१०१ अशी आलटून-पालटून नक्षी लिहिल्यावर तो बाहेर येतो.

एवढ्याने मात्र भागत नाही. आपल्या चाळीतच परत चला. खाली जिन्यापाशी ६४ टपालपेट्यांची रांग आहे, पण मागची एक फळी निखळल्यामुळे १२ आणि ४४ या दोन क्रमांकांच्या दारांमागे एकच कप्पा झाला आहे. तुम्ही प्रत्येक पेटीत कोरा कागद टाकलात आणि नंतर पाहत गेलात, तर सगळीकडे कोरा कागदच मिळेल. दोष दिसणारच नाही. रॅममध्ये पत्ता वाहून नेणारी एखादी तार तुटली की असेच घडते. १२ म्हणजे ००११०० आणि ४४ म्हणजे १०११००. बत्तिसाची तार मुकी झाली की हे दोन पत्ते एकच होतात. येथे युक्ती अशी. आधी सगळीकडे ० लिहा. मग पहिल्या घरापासून चढत्या क्रमाने निघा आणि प्रत्येक घरापाशी आधी वाचा, नंतर १ लिहा. १२ व्या घरात १ लिहून तुम्ही ४४ व्या घरापाशी पोचलात, तर तेथे ० ऐवजी १ आधीच हजर! चोर सापडला. मग उतरत्या क्रमाने उलट दिशेने तसेच करीत यायचे. घरांच्या रांगेतून पावले टाकीत जाणाऱ्या या पद्धतीला 'मार्च' चाचणी असेच नाव आहे.

हे काम करणारे तयार कार्यक्रम फुकट मिळतात. मेमटेस्ट८६ आणि त्याचाच भाऊबंद मेमटेस्ट८६+ हे प्रसिद्ध आहेत. ते पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरूनच सुरू करायचा, विंडोज येऊ द्यायचे नाही. कारण उघड आहे: विंडोज स्वतः रॅममध्येच बसते, आणि ज्या पाटावर आपण बसलो आहोत तो उचलून त्याची खालची बाजू पाहता येत नाही. विंडोजमध्येही 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची एक चाचणी असते. ती याच कारणासाठी संगणक पुन्हा सुरू करून मगच चालते. तिने दोष दाखवला तर तो मानावा. काही नाही म्हणाली तर मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवावे. पेटी तापल्यावर दिसणारे दोष पहिल्या फेरीत सापडतीलच असे नाही. उत्तर वाचताना सवलत देऊ नका. सहा हजार कोटी घरांत एकच चूक, म्हणजे फारच थोडी, असे म्हणण्यात अर्थ नाही. चुका शून्यच असायला हव्यात.

चूक दिसली म्हणजे रॅमची पट्टीच वाईट, असेही लगेच ठरवू नका. घरात दिवा लागला नाही तर आपण काय करतो? तो बल्ब दुसऱ्या होल्डरमध्ये लावून पाहतो. येथे तेच करायचे. आधी बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग कोणी वाढवून ठेवला असेल तर तो मूळ पदावर आणा. मग संगणक बंद करा, वीज पुरविणारी वायर काढा, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिरविद्युत जाऊ द्या आणि शिक्षकांच्या देखत पट्ट्या काढा. दोन पट्ट्या असतील तर एकच बसवून चाचणी घ्या. मग दुसरी, त्याच स्लॉटमध्ये. त्यानंतर स्लॉट बदला. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी वाईट. स्लॉटपाशीच थांबला तर स्लॉट किंवा मुख्य पाटी वाईट. कोठलीच पट्टी कोठेच टिकत नसेल तर पॉवर सप्लायकडे वळा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललीत आणि यंत्र सुधारले, तर कशाने सुधारले हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने पुसण्याचा उपाय दुरुस्तीच्या दुकानांतून सर्रास केला जातो. दातांवर मळ असेल तर त्याने गुणही येतो, आणि पुष्कळदा तर पट्टी काढून घट्ट बसवण्यानेच आलेल्या गुणाचे श्रेय खोडरबराला मिळते. पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवेच दुखणे उभे राहते. कोरड्या मऊ कापडाने पुसावे, हे बरे.

रॅमचा दोष पक्का होईपर्यंत विंडोज पुन्हा टाकू नका, आणि जुन्या फायलींच्या प्रतीही त्या संगणकावर करू नका. डिस्कवरून निघालेला प्रत्येक अक्षरसमूह रॅममधूनच पुढे जातो. आजारी रॅममधून गेलेली प्रत शाबूत असेलच याचा भरवसा नाही. डिस्क काढून निरोगी संगणकाला जोडावी आणि तेथे प्रती कराव्यात. आजकाल पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पाटीवर डाखच लावून बसवलेली असते. तेथे अदलाबदल शक्य नाही, तरी लिनक्स प्रणालीला 'अमुक भाग वापरू नकोस' असे सांगता येते आणि एखाद-दुसरे घर वाईट असलेले यंत्र पुढे वापरता येते.

चूक यंत्राला स्वतःलाच का सापडू नये, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. बेल लॅबोरेटरीजमधील रिचर्ड हॅमिंग यांनाही तो पडला. शनिवार-रविवारसाठी ते यंत्राला गणिते लावून जात. चूक आढळताच यंत्र ते गणित सोडून पुढचे घेई आणि सोमवारी हॅमिंग यांच्या हाती काहीच नसे. चूक झाली हे यंत्राला कळते, तर कोठे झाली हे का कळू नये? त्यांनी शोधलेली रीत १९५० साली प्रसिद्ध झाली. तिच्याच धर्तीवर आज मोठ्या सर्व्हरच्या रॅममध्ये दर ६४ बिटांमागे ८ जादा बिटे ठेवतात. त्यामुळे एक बिट उलटले तर ते जागीच दुरुस्त होते आणि दोन उलटली तर निदान कळते. नव्या डीडीआर५ चिपमध्ये आतल्या आत दुरुस्तीची काही सोय आहे, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. घरगुती आणि शाळेतल्या बहुतेक संगणकांत ही आठ बिटे नसतात. गुणपत्रके ज्यावर होतात त्या एका संगणकात तरी ती असावीत असे मला वाटते.

आता एक खेळ. सोळा मुलांना रांगेत उभे करा. प्रत्येकाच्या हाती एक पत्ता. एका बाजूला ०, दुसऱ्या बाजूला १. शिक्षकांनी त्यांपैकी तिघांच्या कानात एकेक गुपित सांगावे. एकाने काहीही झाले तरी १ च दाखवायचा. दुसऱ्याने डावीकडच्या शेजाऱ्याने पत्ता उलटला की आपलाही उलटायचा. तिसऱ्याने सांगितलेला १ धरायचा, पण मनात वीस मोजून झाले की गुपचूप ० करायचा. पत्ते छातीशी झाकलेले ठेवावेत आणि विचारल्यावरच दाखवावेत. तपासनीस मुलाला दोनच गोष्टी करण्याची मुभा: 'क्रमांक अमुक, इतके लिही' आणि 'क्रमांक अमुक, दाखव'. पहिला दोषी दोन फेऱ्यांत सापडतो. दुसऱ्याला पकडायला मार्च चाचणी लागते, आणि चढत्या क्रमात तो सापडेल की उतरत्या, हे आधी कागदावर सोडवून पाहा. तिसरा मात्र घाईने लिहून लगेच वाचणाऱ्याच्या हाती लागत नाही. १ लिहून झाल्यावर जो तपासनीस हाताची घडी घालून वीसपेक्षा जास्त आकडे मोजत थांबेल, त्यालाच तो मिळेल.